दोन हात

रंगाच्या कामात थराला कुणी थर म्हणत नाही, हात म्हणतात. पहिला हात, दुसरा हात. पहिल्या हाताने भिंत झाकते, दुसऱ्याने उजळते, आणि जो रंगारी एका हातावर भागवतो त्याला धाकटी रंगारी म्हणायलाच तयार नव्हती. पुस्तकांनाही तिने हाच कायदा लावला होता. कानात इयरफोनची बोंडं घालायची, रोलर निथळून घ्यायचा आणि भिंतीच्या वरच्या कडेपासून खाली येता येता गोष्ट ऐकायची. पहिल्या हाताला पुस्तक एकदा, दुसऱ्या हाताला तेच पुस्तक पुन्हा.

"पहिल्यांदा काय झालं ते कळतं," ती म्हणायची, "आणि दुसऱ्यांदा का झालं ते."

अशी किती पुस्तकं तिने भिंतींत मुरवली होती! दवाखान्याच्या पायऱ्यांपाशी एका विधवेचा खटला होता. बेकरीच्या आतल्या खोलीत, जिथे पीठ उडून रंग धरत नव्हता, तिथे एक अख्खं युद्ध होऊन गेलं होतं. शाळेच्या जिन्यात दोन भावांचं भांडण मिटलं होतं, अगदी कठड्याच्या वळणावर. रस्त्याने जाताना धाकटी या भिंतींकडे बघून ओळखीचं हसायची. लोकांना वाटे, बाई आपल्या कामावर खूश आहे. तशी ती होतीच.

एक पुस्तक संपून दुसरं सुरू होण्याआधी, डबा ढवळताना, ती स्वतःच जुळवलेलं काहीतरी गुणगुणत असे:

हाताला गं माझ्या काम, कानाला गं माझ्या गोष्ट,
उंच भिंत रंगविली, कळले ना मला कष्ट.

केस पिकू लागले तरी ती सगळ्यांची धाकटीच राहिली, कारण ताई होती. ताई म्हणजे तिची सख्खी थोरली बहीण. जन्मभर शाळेत भाषा शिकवलेली, इस्त्रीची साडी नेसणारी, आणि वाचनालयातलं रविवारचं वाचनमंडळ जिच्या शब्दावर चालायचं ती. धाकटीला मंडळात तिनेच आणलं होतं. आणि आता वाचनालयाचा हॉल रंगवायचं काम धाकटीकडे आलं होतं, त्यामुळे मंडळाचं या महिन्याचं पुस्तक ती मंडळाच्याच भिंतीवर ऐकत होती.

पुस्तक एका नावाड्याचं होतं. आयुष्यभर लोकांना पलीकडे पोचवणारा माणूस एके दिवशी स्वतःच्या लेकीला पलीकडे सोडायला निघतो. मुलगी आता परत येणार नाही, हे त्याला ठाऊक आहे, तिलाही ठाऊक आहे. सगळी नदी दोघं गप्प बसतात. काठ लागल्यावर तो एवढंच म्हणतो, "उतर." मग आवंढा गिळतो. मग म्हणतो, "जपून उतर."

त्या आवंढ्याला धाकटीचा रोलर खिडकीच्या वर थांबला होता. थांबला तो थांबलाच. रंग गोळा झाला, जड झाला आणि त्याचा एक ओघळ सावकाश खाली निघाला. ओघळ राहू देणं म्हणजे या धंद्यात नाक कापून घेणं. धाकटीने तो पुसला नाही. दुसऱ्या हातालाही त्याला धक्का लावला नाही.

शुक्रवारी दुपारी ताई थर्मास घेऊन आली. शिडीचा पाय धरून तिने वर बघितलं आणि खूण केली. धाकटीने एक बोंड काढलं.

"चहा आणलाय. उतर. जपून उतर."

धाकटी अर्ध्या शिडीवर थबकली आणि हसत सुटली.

"हसायला काय झालं?"

"काही नाही. नावाडी झालीस तू."

"कुठला नावाडी?"

"पुस्तकातला गं. शेवटी तो असंच म्हणतो की लेकीला."

"म्हणत असेल," ताई म्हणाली. थर्मासचं झाकण उघडता उघडता तिची नजर खिडकीकडे गेली. "तिथे ओघळ राहिलाय."

"राहू दे. मुद्दाम ठेवलाय."

ताईने चहा ओतला. रंगाच्या डब्यांमध्ये वर्तमानपत्र पसरून दोघी बसल्या. ताईला काहीतरी बोलायचं होतं. बोलायचं असलं की ती पदराची कड बोटांनी सरळ करत बसायची, आणि आज ती कड केव्हाच सरळ झाली होती तरी बोटं थांबत नव्हती.

"रविवारपासून मंडळात थोडा बदल आहे," ती शेवटी म्हणाली. "ज्यांनी पुस्तक वाचलंय त्यांनी गोलात बसायचं आणि बोलायचं. ज्यांनी ऐकलंय त्यांच्यासाठी मागे बाक ठेवतोय. श्रोते म्हणून."

"म्हणजे माझ्यासाठी."

"ज्यांनी ज्यांनी ऐकलंय त्यांच्यासाठी."

"ताई, अख्ख्या मंडळात ऐकणारी मी एकटी आहे. एका बाईला अख्खा बाक कशाला देताय, आडवी होईन मी त्याच्यावर."

"चेष्टा करू नकोस."

"कुणी ठरवलं?"

"मंडळाने."

"मंडळ म्हणजे तू आणि वकीलसाहेब."

"केमिस्टबाई पण होत्या."

"त्या? त्या शेवटचं पान वाचून येतात आणि बाकीचं पुस्तक आमच्या तोंडून ऐकतात! त्यांना बसव की बाकावर, मला सोबत होईल."

ताईला हसू आलं, ते तिने चहात बुडवलं. "हे बघ," ती शाळेतल्या आवाजात म्हणाली, "ऐकणं निराळं आणि वाचणं निराळं. वाचायला कष्ट पडतात. माणूस थांबतो, मागे जातो, ओळीशी झटतो. ऐकणाऱ्याच्या कानात सगळं आपोआप पडतं."

"आपोआप? मी मान मोडून शिडीवर लोंबकळत ऐकते, ते काय झोपाळ्यावर बसून? आणि मागे जायला मलाही येतं. रंगाचं बोट लागून फोन बघ कसा झालाय."

"तू वाचलं असं म्हणतेस, ते लोकांना खटकतं."

"मग काय म्हणू? भिंत रंगवताना पुस्तक माझ्या अंगावर पडलं म्हणू?"

धाकटीने कप खाली ठेवला.

"जिन्याखाली बसून तू मला वाचून दाखवायचीस. आई वरून ओरडायची, काय चाललंय गं खाली? तू काय सांगायचीस?"

ताईने पदर सोडला.

"सांग ना. 'आम्ही वाचतोय' म्हणायचीस. आम्ही! एक पुस्तक, एक तोंड, आणि आम्ही. मग त्या आम्हीतली दुसरी कोण होती? का मी तेव्हाही भिंतच होते?"

धाकटीला अक्षरं येत होती. एकेक करून विचारलं तर प्रत्येकाचं नाव सांगायची. पण ओळीत उभी राहिली की ती अक्षरं पाण्यातल्या मासळीसारखी व्हायची. एकीवर नजर ठेवावी तर बाकीच्या सटकायच्या. शाळेने तिला आळशी म्हटलं, मग ठोंब म्हटलं, मग म्हणायचंही सोडून दिलं. फक्त ताईने सोडलं नाही. सुट्टीतल्या दुपारी जिन्याखाली ताईचा आवाज आणि तिचा कान, एवढ्यावर धाकटीने राजे पाहिले, चोर पाहिले, समुद्र पाहिले. पुढे ताईला दूरच्या शाळेत नोकरी लागली, ती गेली, आणि धाकटीच्या आयुष्यातून पुस्तकं अशी गेली जशी एखाद्या घरातली वीज जावी. पुस्तकं परत आली ती कितीतरी वर्षांनी, एका गिऱ्हाईकाच्या मुलीने तिच्या फोनवर पहिलं पुस्तक लावून दिलं तेव्हा. कुणीतरी अनोळखी माणूस तिच्या कानात वाचू लागला आणि धाकटी स्वयंपाकघराच्या अर्ध्या रंगवलेल्या भिंतीला पाठ टेकून खाली बसली. पाठीला रंग लागला. तो सदरा तिने अजून धुतलेला नव्हता.

"तुला कळत नाही," ताई हळू आवाजात म्हणाली. "मंडळात पुस्तक फिरतं. ज्याच्या हातात येईल त्याने एक उतारा मोठ्याने वाचायचा. तुझ्यापाशी आलं की दर वेळी मी काय सांगते?"

"माझा घसा बसलाय."

"मागच्या रविवारी तू सामान आत घ्यायला गेली होतीस. वकीलसाहेब म्हणाले, तुमच्या बहिणीचा घसा उन्हाळ्यात बसतो, थंडीत बसतो, तो उठतो तरी कधी? सगळे हसले. मी पण हसले. काय करणार?" ताईने थर्मासचं झाकण गच्च लावलं. "उद्या कुणी हटून बसलं, की नाही, आज यांनीच वाचायचं, तर? माझ्या डोळ्यांदेखत तुझी शोभा होईल. बाकावर बसलीस तर पुस्तक तुझ्यापर्यंत येणारच नाही. तुझ्यासाठीच केलंय मी हे."

धाकटीला राग यायला हवा होता, आणि आलाच. पण त्याच्याआधी दुसरंच काहीतरी आलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं, तिची अडचण ताई झाकते आहे. आज कळलं, ताईने तिच्यावर पहिला हात मारला होता, आणि आता दुसरा मारायला आली होती.

ती उठली. रोलर बुडवला.

"बाक मांडायची तसदी घेऊ नकोस," ती शिडी चढता चढता म्हणाली. "मी गोलात बसणार."

"आणि पुस्तक आलं तर?"

"आलं तर आलं."

रविवारी हॉलमध्ये रंगाचा वास होता, म्हणून ग्रंथपालांनी सगळ्या खिडक्या उघडून ठेवल्या. भिंती झाल्या होत्या, गळतीच्या दुरुस्तीमुळे छत तेवढं राहिलं होतं. मधोमध खुर्च्यांचा गोल आणि दाराजवळ एक लांबलचक रिकामा बाक. येणारा प्रत्येक जण आधी बाकाकडे बघायचा आणि मग धाकटीकडे. ती ताईच्या शेजारच्या खुर्चीत बसली होती. साडी नेसली नव्हती. कामाची पॅंट आणि तोच पाठीवर रंग असलेला सदरा.

"आज कामावरून थेट?" केमिस्टबाईंनी विचारलं.

"कामावर थेट," धाकटी म्हणाली. "हेच माझं वाचायचं ठिकाण."

वकीलसाहेबांनी खाकरून बाकाकडे नजर टाकली, ताईकडे टाकली. ताई चष्मा पुसत होती. बाकाचा विषय तिथेच राहिला आणि चर्चा सुरू झाली. वकीलसाहेबांचं म्हणणं, नावाडी कठोर आहे. लेक जातेय आणि या गृहस्थाला दोन शब्द सुचत नाहीत. केमिस्टबाई म्हणाल्या, पुरुष असेच असतात, आमच्याकडे बघा.

"कठोर कुठला?" धाकटी म्हणाली. "तो आवंढा गिळतो ना, तिथेच सगळं आलं. 'उतर' म्हणतो, मग आवंढा गिळतो, मग 'जपून उतर' म्हणतो. त्या आवंढ्यात अख्खी नदी आहे. कठोर माणसाला आवंढा कशाला येईल?"

वकीलसाहेबांनी पुस्तक उघडलं. पानं उलटण्याचा आवाज तेवढा येत राहिला. त्यांनी जागा शोधली, बोट ठेवलं, चष्मा वर केला, खाली केला.

"आवंढा? कुठे आहे आवंढा?"

"शेवटी. काठावर."

"काठ आहे. उतर आहे. जपून उतर आहे. आवंढा नाही." त्यांनी पुस्तक ग्रंथपालांकडे केलं. ग्रंथपालांनी बघितलं आणि ओशाळून मान हलवली. "मध्ये फक्त एक पूर्णविराम आहे," ते म्हणाले.

"कुठल्या पानावर वाचलात हो तुम्ही?" वकीलसाहेबांनी गोडीत विचारलं.

"पानावर नाही. त्या खिडकीच्या वर." धाकटीने बोट केलं. "तो ओघळ दिसतो ना, तिथे."

हॉल हसला. केमिस्टबाईंना ठसका लागला. "म्हणजे आता भिंतीला पान नंबर घाला," कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हशा.

धाकटी हसली नाही. तिच्या पायाखालची शिडी हलली होती. आवंढा पुस्तकात नव्हता! दोनदा ऐकलेला, रोलर थांबवणारा, ओघळ सोडायला लावणारा आवंढा लिहिणाऱ्याने लिहिलाच नव्हता. मग तो कुणाचा? तेवढ्यात तिला सुचलं. कुठल्यातरी बंद खोलीत, समोर पाण्याचा पेला ठेवून बसलेल्या, वाचण्याचे पैसे घेणाऱ्या त्या माणसाचा. पूर्णविरामापाशी त्याचा गळा दाटला होता. आणि कुणीतरी शहाण्याने तो आवंढा ध्वनिमुद्रणातून कापून टाकला नव्हता.

"म्हणूनच आम्ही म्हणतो," वकीलसाहेब समजावणीच्या सुरात बोलत होते, "मूळ शब्द डोळ्यांखालून जायला हवा. नाहीतर मधला माणूस जे देईल ते आपण घेतो. हे घ्या. आता तुम्हीच बघा." आणि त्यांनी उघडं पुस्तक धाकटीच्या मांडीवर ठेवलं. "हा उतारा आज तुम्हीच वाचा."

ताईचा हात झटकन पुढे आला. "तिचा घसा—"

"माझा घसा ठणठणीत आहे," धाकटी म्हणाली.

पुस्तकातली अक्षरं नेहमीसारखी पोहत होती. धाकटीने त्यांच्याकडे नीट बघितलं, जसं जुन्या भांडखोर शेजारणीकडे बघावं, आणि मान वर केली.

"मला वाचता येत नाही," ती म्हणाली. "अक्षरं येतात, ओळ येत नाही. लहानपणापासून. घसा कधीच बसला नव्हता, ताईने तो माझ्या वतीने बसवला होता. तिचं मन चांगलं आहे, पण आता पुरे. मी आळशी नाही, मी ठोंब नाही, आणि मी बाकावर बसणार नाही. या मंडळातली सगळी पुस्तकं मी ऐकलीत, दोन दोन हात. चुकले असेन. आवंढा पुस्तकात नाही म्हणता, नसेल. पण मी ऐकला, तो खोटा नव्हता. ज्याने मला वाचून दाखवलं त्याला तिथे पुढे जाता आलं नाही. तुम्ही सगळे त्या पूर्णविरामावरून गेलात. कुणाला ठेच लागली?"

वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुन्हा लावला.

धाकटीने पुस्तक उचललं आणि ताईच्या मांडीवर ठेवलं.

"तू वाच."

"मी?"

"पूर्वी वाचायचीस तसं. मला वाचून दाखव. यांना नाही, मला."

ताईने चष्मा लावला. आवाज शाळेतलाच लागला आधी, स्वच्छ, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. नदी आली. वल्ह्यांचा आवाज आला. मुलीने पाण्यात बोट बुडवलं. धाकटीने डोळे मिटून घेतले होते आणि डोकं जरा कलतं केलं होतं, उजवा कान ताईकडे. जिन्याखाली ती अशीच बसायची. ताईने एकदा पानावरून नजर उचलली आणि ते बघितलं. त्यानंतर तिचा आवाज शाळेतला राहिला नाही. तो लहान झाला, जवळचा झाला, एकाच माणसापुरता झाला.

काठ लागला.

"उतर," ताईने वाचलं.

आणि थांबली. पान समोर होतं, शब्द समोर होते, अवघे दोन. ताईच्या गळ्याची शीर वर गेली, खाली आली. इतक्या शांततेत तो आवंढा वकीलसाहेबांच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेला. केमिस्टबाईंनी तोंडावर धरलेला रुमाल तसाच राहिला.

"जपून उतर," ताई म्हणाली. वाचलं की म्हणाली, कुणाला कळलं नाही.

धाकटीने डोळे उघडले. "आला," ती म्हणाली. "आता सांगा वकीलसाहेब, कुठल्या ओळीत आहे?"

वकीलसाहेबांनी खिडकीवरच्या त्या ओघळाकडे बघितलं. ते हार मानणाऱ्यांतले नव्हते. "हा पुरावा धरता येणार नाही," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. थोड्या वेळाने त्यांनी ग्रंथपालांना विचारलं, ही वाचून दाखवणारी पुस्तकं नेमकी मिळतात कुठे. आपल्या घरी एकांचे डोळे अलीकडे साथ देत नाहीत, म्हणून विचारतो. एक कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांचा चष्मा मात्र सारखा वर-खाली होत होता.

मंडळी गेली. ग्रंथपालांनी बाक उचलून बाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवला. छत रंगवायला जागा लागणार होती. धाकटीने खुर्च्यांवर जुन्या चादरी टाकल्या, डब्याचं झाकण उचकटलं आणि काठीने रंग ढवळायला घेतला. ताई अजून गेली नव्हती. पदर खोचून ती शिडीपाशी येऊन उभी राहिली.

"पुढच्या महिन्याचं पुस्तक ठरलंय," ती म्हणाली. तिला आणखी काही म्हणायचं होतं. पदराची कड खोचलेली होती, त्यामुळे बोटांना काही काम नव्हतं. "चांगलं जाड आहे. वाचून ये."

"वाचून," धाकटी म्हणाली.

"हो. वाचून."

धाकटीने कानात एकच बोंड घातलं. दुसरं तिने ताईपुढे धरलं, पण वायर काही छतापर्यंत पुरली नसती. मग तिने बोंडं वायरसकट काढून टाकली, फोन वरच्या पायरीवर ठेवला, आवाज मोठा केला आणि चढायला लागली.

"हळू," खालून ताई म्हणाली.

"तू धर घट्ट. छत बाकी आहे अजून, आणि ते दोन हात मागणार आहे."